शेवटच्या पानापासून वाचलेल्या अटी

दि. ४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र हाताने लिहिलंय म्हणून हसू नकोस. दवाखान्यातून फतवा आलाय की घरच्या इंटरनेटवरून जे जातं ते वाटेत कोणीही वाचू शकतं. तेव्हापासून कॉम्प्युटरवर साधं 'बरी आहेस ना' लिहायचीही मला धास्ती वाटते.

एकोणीस वर्षं मी डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करते, आणि तुझ्या काकांना अर्धांगाचा झटका आल्यापासून घरी बसून करते. आता आम्हा सहाही टायपिस्टना कळवलंय की पंधरा तारखेच्या आत एक विश्वासू व्हीपीएन निवडा, नाहीतर एक एप्रिलपासून दवाखान्यात येऊन काम करा. काकांना उजव्या हाताने पेलाही धरता येत नाही. त्यांना एकटं टाकून मी कशी जाऊ? आणि नोकरी सोडून तरी कसं चालेल?

निवडायचं काय, तेच कळत नाही. तिथला कॉम्प्युटरवाला म्हणाला की हा एक बोगदा असतो, त्यातून आपले कागद कोणाला न दिसता जातात. मी विचारलं की त्याचं दुसरं तोंड कुठे उघडतं, तर म्हणाला, ताई, एवढ्या खोलात जाऊ नका. शोधायला बसले तर पन्नासेक निघाले, आणि सगळे स्वतःच्या तोंडाने स्वतःला सर्वांत विश्वासू म्हणवतात. तू त्याच धंद्यातली, तूच सांग. पुढच्या आठवड्यात आमच्याच दवाखान्यात काकांची तपासणी आहे, त्याआधी हे डोक्यावरून उतरू दे.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

दि. ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं की कोर्टाची नोटीस आली का. अगं, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. एका वेबसाइटवर दहा उत्तम व्हीपीएनची यादी आहे. त्यातला पहिला घे. मी चार वर्षं तोच वापरते. इन्स्टॉल कर, हिरवं बटण दाब, संपलं. अटींच्या खाली 'मान्य आहे' असं असतं, तिथे टिचकी मार. त्या अटी कोणी वाचत नाही, तू तर मुळीच वाचू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

काकांना नमस्कार सांग. तपासणीचं कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
टिल्लू

दि. २२ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे अकरा तारखेला हिरवं बटण दाबलं आणि दवाखान्याला नाव कळवलं. कामही सुरू केलं. मग राहवेना, म्हणून अटी छापून घेतल्या. अडतीस पानं झाली. आमच्या कामात टाइप केलेला कागद शेवटच्या पानापासून उलटा तपासतात, म्हणजे डोळा वाहवत जात नाही. सवयीने मी अटीही तशाच वाचल्या, काल-परवा रात्री बसून, हातात लाल पेन्सिल घेऊन.

पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलंय की आम्ही तुमची कोणतीही नोंद ठेवत नाही. सदतिसाव्यावर मात्र बारीक अक्षरात आहे की नोंदी तीस दिवस ठेवतो आणि 'सहयोगी संस्थांना' देतो. हे सहयोगी कोण, ते कुठेही नाही. पत्ता म्हणून कुठल्याशा बेटावरचा टपालपेटीचा नंबर आहे. आणि तुझी ती यादीची वेबसाइट या कंपनीच्याच मालकीची आहे, तेही छत्तिसाव्या पानावर कबूल केलंय.

मी पुढून वाचलं असतं तर चौथ्या पानावरच समाधान पावले असते. आता माझं डोकं चालत नाही. बोगदा वापरावा तर असा, न वापरावा तर नोकरी जाते. काकांची तपासणी झाली, त्याबद्दल मागाहून लिहीन.

रागावलेली नाही, गोंधळलेली आहे. माया तेवढीच.
मावशी

दि. २६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगते, मला लाज वाटली. घरात मी कॉम्प्युटरमधली म्हणून मिरवते, पण ऑफिसात मी बटणांचे रंग ठरवते. चार वर्षांत मी त्या अटींचं एक पान उघडलं नव्हतं.

जाणकार सहकाऱ्याला गाठलं. तो म्हणाला की व्हीपीएनने विश्वासाचा प्रश्न सुटत नाही. आधी इंटरनेटवाल्यावर भरवसा ठेवायचा, आता बोगदेवाल्यावर. खरं तर दवाखान्यानेच स्वतःचा बोगदा बांधायला हवा, थेट त्यांच्याच दारात उघडणारा. टायपिस्टनी एकेकटीने निवडायची ही गोष्टच नाही. तुझे कागद वाटेत बहुधा कुलूपबंदच, म्हणजे बोगदेवाल्यालाही वाचता येणार नाहीत असे, गेले असतील, असंही तो म्हणाला. तरी तू ते व्हीपीएन बंद कर आणि डॉक्टरांना सगळं सांग. नोकरीची भीती मलाही वाटते, पण सांग.

चूक माझी आहे. तुझा लोभ मात्र काढून घेऊ नकोस.
टिल्लू

दि. २ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

'बहुधा' हा शब्द मी रिपोर्टांत रोज टाइप करते. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

पत्र मिळताच ते बंद केलं, आणि त्या दिवसांत पाठवलेल्या रिपोर्टांची यादी करून डॉक्टरांकडे गेले. त्रेचाळीस माणसं. डॉक्टर यादी वाचून म्हणाले की बाकीच्या पाच जणी एका ओळीत नाव कळवून मोकळ्या झाल्या, तेव्हा त्यांच्या कागदांचं काय झालं असेल याचीच मला जास्त काळजी वाटते. एक एप्रिलची अट त्यांनी काढून टाकली. दवाखाना स्वतःची सोय करतोय. ती होईपर्यंत सगळ्यांचं घरून टाइप करणं बंद, पण नोकरी राहिली.

आता तुला लिहायचं राहिलेलं. त्या त्रेचाळिसांत एक रिपोर्ट तुझ्या काकांचा होता. चौदा तारखेला मीच टाइप केला. हात आता सुधारणार नाही, आणि दुसरा झटका येण्याचा धोका मोठा आहे, असं त्यात होतं. मी कोणाला बोलले नाही. डॉक्टर पुढच्या खेपेला सांगतीलच, अशी मनाची समजूत घातली. पण यादीत काकांचं नाव लिहिताना हात थांबला. कुठल्या बेटावरच्या परक्याला कदाचित हे कळलं असेल, आणि ज्याचं दुखणं आहे त्याला नाही, हे मला सोसेना. डॉक्टरांची परवानगी घेतली आणि परवा संध्याकाळी काकांजवळ बसून सगळा रिपोर्ट वाचून दाखवला, या वेळी पहिल्या ओळीपासून.

ऐकून झाल्यावर त्यांनी मला हे कधीपासून माहीत आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सतरा दिवस. त्यावर डाव्या हाताने माझा हात धरून म्हणाले की सतरा दिवस तू एकटीच होतीस तर.

जमलं तर लवकर येऊन जा. तुझ्यावर दोघांचाही जीव आहे.
मावशी