सातशे दोन नंबरची खुर्ची

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सदुसष्ट, व्यवसाय पुस्तकबांधणी, विधवा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. गुडघ्यांबद्दल दाखल्यात काही म्हटलेले नाही, ते बरेच झाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यासकट, माझ्या मुलास द्याव्यात. जिन्याची सातवी पायरी हलते. ती तो गेली वीस वर्षे ‘पुढच्या खेपेला’ दुरुस्त करणार आहे. घर विकायचे तर खुशाल विकावे. फक्त त्याआधी एक अख्खी दुपार त्याने तिथे एकट्याने, फोन बंद करून काढावी. चारच्या सुमारास ऊन कामाच्या टेबलावर येते. त्या उन्हात त्याचे वडील वर्तमानपत्र वाचत आणि मी वह्या शिवत असे, आणि दोघांनाही बोलायची गरज वाटत नसे.

२. बँकेतील ठेवीचा निम्मा भाग मुलास, निम्मा माझ्या कॉन्व्हेंटच्या ग्रंथालयास. तिथल्या शिवणाच्या सिस्टरनी माझे टाके पाहून “तू कापड सोड, कागद धर” असे सांगितले आणि माझा जन्म मार्गी लागला. हा निधी जुन्या पुस्तकांच्या बांधणीवरच खर्च व्हावा. माझ्या नावाची पाटी लावू नये, आणि पाटी लावण्यासाठी पाहुणे तर मुळीच बोलावू नयेत.

३. दुकानातील हत्यारे, म्हणजे पुस्तक दाबायचा लाकडी शिकंजा, कागद कापायचे यंत्र, दाभणे, सुया, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि आकडे मारायचे यंत्र, ही सर्व छोटीस द्यावीत. छोटी आता पन्नाशीची आहे, पण दुकानात आली तेव्हाचे नाव चिकटले ते चिकटलेच. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण तिने पगार वाढवून मागितला असता.

४. फुटबॉल क्लबच्या सचिवांस मी काहीही ठेवत नाही. त्यांना मी लिहिलेल्या अकरा पत्रांच्या नकला कपाटात आहेत, त्या मात्र त्यांनी हव्या तर न्याव्यात, मूळ पत्रे त्यांनी वाचलेली दिसत नाहीत. प्रत्येकाचे उत्तर एकच आले: आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. मी भावना कळवल्या नव्हत्या. मी विचारले होते की गोलामागच्या पहिल्या दोन रांगा जाहिरातदारांच्या पाहुण्यांना कोणत्या न्यायाने दिल्या? हे पाहुणे मध्यंतराला चहाला जातात ते सामना संपेपर्यंत परतत नाहीत. रिकाम्या खुर्च्या पाठीशी घेऊन आमचा गोलकीपर उत्तरार्ध काढतो. आणि बाहेर हजारभर माणसे यादीत नंबर लावून म्हातारी होत आहेत.

त्या यादीत माझी नणंद आहे. वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, टपाल खात्यातून निवृत्त. मला या खेळाचे वेड त्यांनीच लावले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला उभ्याने बघणाऱ्यांच्या फाटकातून आत नेऊन त्या म्हणाल्या, “वहिनी, ऑफसाइड कळलं नाही तरी चालेल. सगळे ओरडले की ओरड.” पुढे क्लबने उभ्याची जागा बंद करून सगळीकडे खुर्च्या बसवल्या. मोसमभराची खुर्ची हवी त्याने प्रतीक्षा यादीत नाव घालावे, असे ठरले. वन्संनी नाव घातले. मी नंतर घातले, कारण त्या आठवडाभर माझ्याकडे शाळेच्या वह्यांचे काम होते.

५. पूर्वेकडच्या स्टँडमधील माझी खुर्ची मी वन्संस देते.

हे कलम वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “बाई, खुर्ची तुमची नाहीच. तुमची आहे ती बसायची परवानगी. ती तुमच्याबरोबर संपते.”

“मग तिथे कोण बसणार?”

“यादीतला पुढचा नंबर. आठशे बहात्तर.”

“आणि आमच्या वन्सं?”

“त्यांचा किती?”

“एक हजार बावीस.”

त्यांनी चष्मा परत घातला आणि घड्याळाकडे पाहिले.

जिवंतपणीही देता येत नाही. कार्डावर माझा फोटो आहे. एकदा वन्सं माझे कार्ड घेऊन गेल्या तेव्हा फाटकावरच्या माणसाने पुढच्या सबंध रांगेसमोर त्यांना “आजी, दुसऱ्याच्या नावावर फुकट बघायची सवय आहे का?” असे विचारले. त्या पायीच घरी आल्या. म्हणून मी कलम पाच खोडत नाही. कायद्याला ते चालत नसेल तर कायद्याने ते डोळे मिटून ओलांडावे.

६. आता जे लिहायचे ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

क्लबची प्रतीक्षा यादी पूर्वी हाताने लिहिली जाई. कारकून मोठे कागद घडी घालून त्यावर नावे उतरवत. सोळा पानांच्या अशा एका घडीला आमच्या धंद्यात जुज म्हणतात. पाच जुजे भरली तेव्हा ती एका वहीत बांधायला माझ्याकडे आली. पानांवर आकडे नव्हते. ते बांधणीनंतर यंत्राने मारून द्यायचे, म्हणजे मधे पान घुसवता येऊ नये, असे ठरले होते. सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक जुजाच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. शिवण्याआधी या रेघा क्रमाने आहेत की नाही हे बघायचे असते.

त्या दिवशी सामना होता आणि दुकानात रेडिओ चालू होता. आमच्या पोरांनी शेवटच्या मिनिटाला बरोबरी केली. मी उठले, नाचले, परत बसले, हाताला आले ते जुज उचलले आणि शिवत सुटले. रेघा पाहिल्या नाहीत. तिसऱ्याच्या जागी चौथे गेले आणि चौथ्याच्या जागी तिसरे. वर मी ठणठणीत आकडे मारले. पुढे त्या वहीवरूनच क्लबने प्रत्येकाला नंबर दिला आणि पुढे तोच कॉम्प्युटरमध्ये गेला.

वन्संचे नाव तिसऱ्या जुजात होते, माझे चौथ्यात. एका जुजात तीनशे वीस नावे. त्यांचा खरा नंबर सातशे दोन. माझा नऊशे अठ्ठ्याहत्तर. वहीत मी सहाशे अठ्ठावन्न झाले आणि आठ वर्षांपूर्वी मला खुर्ची मिळाली. वन्संना ती पुढच्याच वर्षी मिळायला हवी होती. मी आज त्यांच्या मागे, बाहेर असायला हवे होते.

हे मला कधी कळले? माझे कार्ड आले त्याच दिवशी. वन्सं नाव घातल्याची तारखेची पावती घेऊन क्लबात गेल्या, मी सोबत होते. “मी हिच्या आधी नाव घातलंय,” त्या म्हणाल्या. सचिवांनी वही काढली, माझ्याकडे बोट केले आणि म्हणाले, “वही या बाईंनी बांधलीय. यात पान इकडचं तिकडे होणं शक्य नाही. पावती चुकली असेल.”

माझ्या हाताची अशी तारीफ पुन्हा कोणी केली नाही. मला त्याच क्षणी रेडिओ आठवला. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी येताना वन्संनीच माझी समजूत घातली: “तू कशाला रडतेस? तुझा काय दोष?”

त्यानंतर न्यायाविषयी मी अकरा पत्रे लिहिली. सगळी पाहुण्यांवर, तिकीट मिळवायला लागणाऱ्या पॉइंटवर, दहा मिनिटांत संपणाऱ्या ऑनलाइन तिकिटांवर. प्रत्येक शब्द खरा होता. वहीविषयी एकही नव्हता. दुसऱ्याच्या अन्यायावर इतके सुरेख लिहिता येते, हे मला तेव्हा कळले.

७. माझ्या मृत्यूनंतर छोटीने सचिवांसमोर त्या वहीची पाठ उसवावी. तिथे चार रेघांचे जुज तीन रेघांच्या आधी दिसेल. खोट्या जागी गेलेल्या सहाशे चाळीस माणसांना क्लबने त्यांचे खरे नंबर परत द्यावेत.

इथपर्यंत लिहून मी साक्षीदार म्हणून शेजारच्या चष्मेवाल्यांना आणि डॉक्टरीणबाईंना बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. चष्मेवाल्यांनी वाचला.

“बाई, एक विचारू? त्या तुमच्या आधी गेल्या तर?”

वन्सं एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मी वन्संना फोन करून बोलावून घेतले आणि सहावे कलम त्यांच्या हातात दिले.

त्यांनी ते उभ्याने वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

“आठ वर्षं, वहिनी.”

“हो.”

“त्या फाटकावरच्या मेल्याचं बोलणं मी ऐकून घेतलं, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?”

“हो, वन्सं.”

“आणि सांगायचं कधी? मी तुझ्या दिवसांना येऊन बसले असते तेव्हा?”

मी माफी मागायला तोंड उघडले. त्यांनी हात वर केला.

“ते नंतर. मला अजून पुष्कळ चिडायचंय, सवडीने चिडेन. छोटीला हाक मार. दाभण घे म्हणावं. ऑफिस पाचला बंद होतं.”

८. म्हणून सातव्या कलमातील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले आहेत आणि समासात ‘आज’ असे लिहून बाजूला सही केली आहे. वही उसवली जात असताना मी तिथे हजर राहीन आणि कोणी विचारण्याआधी बोलेन. माझे कार्ड टेबलावर ठेवीन. सचिवांनी भावनांचा आदर केल्यास खाली बसून राहीन, उठणार नाही.

बाकीचे मृत्युपत्र आहे तसे कायम.

सही: (बांधणीवाली)

आमच्यासमक्ष सही केली. घाईत होत्या, पण शुद्धीत होत्या.
साक्षीदार पहिले: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: दुकानातील कामाचे टेबल
दिनांक: एकवीस एप्रिल, मंगळवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. वन्सं जिन्याखाली उभ्या आहेत.