बाबांच्या मिलिंगला सर्वो मोटर

बाबा, तुमचं लोखंड कापायचं मिलिंग मशिन भंगारात गेलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल. मुरबाडच्या आपल्या गाळ्यात ते अजून खिडकीखालीच आहे. तुम्ही गेल्यावर दादानं दोनदा टेम्पो ठरवला होता. हँडल फिरवून केलेलं काम आता कोण घेतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. कामं कॉम्प्युटरवाल्या मशिनांकडे चालली होती. मी म्हटलं, याच मशिनला मोटरी आणि कॉम्प्युटर लावून बघू. नाही जमलं तर टेम्पोत मीच चढवते.

मोटर निवडताना मी पावसाळाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. स्टेपर मोटर साधी. सांगाल तेवढी पावलं टाकते, पण मध्ये अडली तर पावलं गाळून मुकाट पुढे जाते. सर्वो आपण खरंच किती फिरलो ते मोजत राहते आणि अडली की थांबून सांगते. दादा म्हणाला, "एवडी भारी कशाला? साधी चालंल की." मला तुम्ही आठवलात. शाळेतून येऊन मी मशिनवर उभी आहे, हँडलचे फेरे मोजताना चुकले आहे आणि तशीच कापत चालले आहे. तुम्ही मशिन बंद करता. "चुकलीस त सांग गो. कापलेला लोखंड पुन्ना जोडता येत नाय." मी सर्वो घेतली.

पहिला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मशिनच्या सरकत्या टेबलावर बांधला आणि लोडशेडिंग. लाईट आल्यावर प्रोग्रॅम सुरू केला, तर टेबल जागचं हलेना. मोटर कण्हली, थांबली, पडद्यावर लाल अक्षरं. "झाला कल्याण!" म्हणत दादा बाहेर जाऊन बसला. मी टेबलाखाली वाकले. मग पाहिलं, टेबल लॉक होतं, लॉकचं हँडल आवळलेलं. लाईट गेली की पहिलं टेबल लॉक करायचं, मग मेणबत्ती शोधायची, ही तुमची शिस्त. माझ्या हातानं ती आपसूक पाळली होती. साधी मोटर असती तर मशिनला अडल्याचं कळलंही नसतं, जॉब वाया गेला असता. मी लॉक सोडलं. जॉब झाल्यावर दादानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "चाय सांगू का?" त्या दिवसापासून टेम्पोचं नाव नाही.

आता दुसरं काम आलंय. सगळे म्हणतात, ते लॉकचं हँडल काढून टाक, नाहीतर पुन्हा तेच करशील. खरंय त्यांचं. पण हा कागद मशिनच्या खणातच राहणार आहे, म्हणून लिहिते: हँडल मी काढलेलं नाही. रोज संध्याकाळी गाळा बंद करताना आवळते, सकाळी सोडते. दादाला बोलले नाही. तुम्हाला सांगितलं.