मागचं दार

शॅग पॉइंट, न्यूफाउंडलंड
११ फेब्रुवारी १९५८

लिअँडर भावजींना थिर्झाचे आशीर्वाद.

इकडे ठीक. कोंबड्या अंडी देत नाहीत, गुडघा ठणकतो, आणि रविवारपासून चकाकी पडते आहे. खाली येईपर्यंत पाणी, जमिनीला टेकलं की काच. वाळत घालायची दोरी मनगटाएवढी जाड झाली आहे. विहीर अंगणात असून मी बर्फ वितळवून चहा करते. तुमच्या चुलीचा धूर मला खिडकीतून दिसतो, आणि तरी पत्र लिहायची वेळ आणलीत.

काल सकाळी पुढच्या पायरीवर, पाय घसरू नये म्हणून, राख टाकून गेलात ते तुम्हीच. नाही म्हणू नका. वाचायला मी आपली आपण शिकले, पायरीवरचं एवढं मला वाचता येतं. खिळ्यांच्या बुटांचे ठसे, डाव्या टाचेला एक खिळा कमी. तो खिळा तुमचा भाऊ एलाय ‘उद्या ठोकतो’ म्हणत राहिला.

वर थापही मारलीत. शेजारची सेलिना बसली होती. म्हणाली, "पुढच्या दारावर थाप? धर्मगुरू असतील, नाहीतर पोलीस. आपल्यातलं कोण थाप मारतं?" ते दार शेवटचं उघडलं ते एलायची शवपेटी बाहेर न्यायला. बर्फानं असं चिकटलंय की कुऱ्हाडच हवी. आम्ही दोघी आतून ओढत बसलो, तोवर तुम्ही पसार. आणि मी जाते-येते मागून. टोपलीभर राख वाया घालवलीत.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. त्याचे खिळ्यांचे बूट तुमच्याकडे होते म्हणून एलाय साध्या बुटांनी धक्क्यावर गेला आणि घसरून पाण्यात पडला, हे तुम्ही वर्षभर उगाळताय. तुमची लिझी बाळंतपणात अडली होती. सुईणीला आणायला डोंगर ओलांडायचा होता. बूट खुंटीवरून मी काढून दिले. एलाय म्हणाला, "पळ लवकर, माझं काय, मी इथल्या इथे." सुईण वेळेवर पोचली. ती पोरगी वर्षाची झाली, आणि मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. मला राग आहे तो याचा.

बूट परत नकोत. खिळा तेवढा ठोकून घ्या, म्हणजे पोरीला कडेवर घेऊन येताना पाय सरकणार नाही. मागून या. थाप मारलीत तर मी उठणार नाही.

मागचं दार नुसतं लोटलेलं असतं.

तुमची, अजूनही, वहिनी
थिर्झा