चार नावांची हजेरी

२४ ऑगस्ट १९७४, शनिवार. माँटगमरी

पोचले एकदाची. डेट्रॉइटहून बसने निघाले ती काल सकाळी. पाय सुजून भोपळे झालेत, पण मन प्रसन्न आहे. मी सहा वर्षांची असताना आईबाबांनी मला याच अलाबामातून उचलून उत्तरेला नेलं होतं. आता बेचाळीस वर्षांनी, नवरा वारल्यावर, शाळेतून रजा घेऊन मी ऑर्लीन टॉलिव्हर परत आले आहे.

काम माझ्या आवडीचं आहे. सीडर चॅपल या आमच्या काळ्या लोकांच्या चर्चला नोव्हेंबरात शंभर वर्षं पुरी होतात, त्यानिमित्त शहराचा इतिहास लिहून द्यायचा. गोऱ्यांनी छापलेला जाडजूड इतिहास आहेच. त्यात राज्यपाल आहेत, गुलामगिरी राखायला फुटलेल्या बंडखोरांची पहिली राजधानी आहे, टेकडीवरचा पांढरा घुमट आहे. आमची माणसं शोधायला मात्र भिंग लागतं.

उतरले आहे चर्चमधल्याच मिस अर्मालींकडे. वय सत्तरीचं, जीभ विशीतली. मला पाहताच म्हणाल्या, उत्तरेत तुला कुणी जेवायला घालत नव्हतं का गं, हाडं मोजता येतात. मग ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी, कॉलर्डची पालेभाजी आणि दात किडतील इतका गोड चहा. त्या डाव्या पायाने लंगडतात. आमच्या लोकांनी इथल्या बसवर बहिष्कार टाकला त्या वर्षी चालून चालून झालं का, विचारलं, तर म्हणाल्या, सगळ्यांना तसंच वाटतं, वाटू दे.

माझी लेक जॉनेल सोहळ्याला येणार आहे. वीस वर्षांची झाली पोर, पुढच्या वर्षी परिचारिका होईल. तिला पत्र टाकलं.

२८ ऑगस्ट, बुधवार

डीकन बिब भेटले. चर्चचं सगळं तेच बघतात. ऐंशीचे आहेत, उजवा हात लाकडासारखा ताठ. डाव्या हाताने त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली.

नदीच्या बाजूच्या उतारावर आमच्या लोकांची जुनी दफनभूमी होती. धक्क्यावर उतरवून, साखळीत ओवून, कॉमर्स स्ट्रीटने चौकातल्या गुलामांच्या बाजारात नेलेली माणसं शेवटी तिथे गेली. बारा वर्षांपूर्वी त्यावर डांबर ओतलं. आता तिथे कुठल्याशा कचेरीच्या गाड्या उभ्या राहतात. एक हाडूक हलवलं नाही, एक दगड ठेवला नाही. उरली ती ही वही. नाव, काम, आणि त्या माणसाचं काय गेलं ते. प्रिमस, सुतार, पळून जाताना धरला, डावा पाय तोडला. डायसी, धोबीण, अक्षर शिकताना सापडली, उजव्या हाताची बोटं ठेचली. असं पानामागून पान. मी टंकत बसले. दुपारी जेवले नाही.

१ सप्टेंबर, रविवार

इथली एक रीत आज पाहिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी डीकन ही वही वाचतात. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी उठतं, हजर म्हणतं आणि बसतं. कुणाचा पाय ओढलेला, कुणाची मान वाकडी, एका बाईचा डोळा मिटलेला. इतकी अधू माणसं एका चर्चमध्ये मी पाहिली नव्हती.

चार नावांना कुणी उठलं नाही. प्रिमस. डायसी. केटो. बिनाचं बाळ. डीकन एक श्वास थांबले आणि पुढे गेले, लोक खाली बघत राहिले. मला ते सहन होईना. सव्वीस वर्षं मी हजेरी घेतली आहे, माझ्या वर्गात पोर दारात दिसलं तरी मी त्याला गैरहजर लावलेलं नाही. वाचन संपल्यावर उठले, चारही नावं म्हटली, चारदा हजर म्हटलं. खणखणीत.

बरं वाटलं मला.

३ सप्टेंबर, मंगळवार

डीकन बिब घरी आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, पोरी, ती नावं आम्ही विसरून मोकळी सोडतो असं वाटलं का तुला. हजर म्हणणारा जागा देतो. त्यांची जमीन गेली, त्यांना निजायला कुठे आहे. माझा आजा माझ्या हातात आहे. अर्मालीची आई तिच्या पायात. एका अंगात एक मावतं. तू चार घेतलीस.

मी हसले. म्हटलं, मी शिकलेली बाई आहे. ते म्हणाले, चांगलं आहे, लिहून ठेव.

९ सप्टेंबर, सोमवार

डावा पाय घोट्याखाली बधीर. दुखत नाही. सुई टोचून पाहिली, पुरती आत गेली, रक्तही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय, बैठं काम, रक्तातली साखर. त्यांना माहीत असलेली तीन कारणं त्यांनी दिली.

पाय जिथून तोडला ती जागा वहीत लिहिली आहे. घोट्याखाली.

२१ सप्टेंबर, शनिवार

कपडे वाळत घालताना पोलकं ओलं झालं. वाटलं घाम. दूध होतं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी.

बिनाचं बाळ दोन दिवसांचं होतं. वहीत लिहिलंय, आई विकली गेली, दूध गेलं.

मिस अर्मालींनी न विचारता जुन्या मऊ कापडाच्या घड्या आणून दिल्या. मी दर तीन तासांनी बदलते. छातीत वजन वाटतं, कुणी झोपल्यासारखं. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही.

डेट्रॉइटला परत जाते म्हटलं. मिस अर्माली म्हणाल्या, जा की, पण सामान बरोबरच येणार. गेले नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

आवाज गेला. सकाळी मीठ मागायला तोंड उघडलं, नुसता वारा निघाला. केटो. बाजारात बायकोपासून तोडला, त्यानंतर बोलला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच उठले होते.

भीती वाटायला हवी. ती जागाही बधीर झाली असावी.

६ ऑक्टोबर, रविवार

डीकननी वही वाचली. चार नावं आली. माझ्या शेजारची बाई थोडी सरकून बसली. त्यानंतर शेवटचं नाव. ऑर्लीन टॉलिव्हर, शिक्षिका.

मी समोर बसले होते. तिसऱ्या ओळीत. हजर म्हणायला तोंड उघडलं — आवाज नाही. उठायला गेले — पाय नाही. एक श्वास. ते पुढे गेले.

गैरहजर लागले मी.

९ ऑक्टोबर

पाटीवर लिहून विचारलं, नाव कुणी घातलं. मिस अर्माली म्हणाल्या, कुणी घालत नाही, अंगात जागा संपली की येतं. डीकन फक्त वाचतात.

मग पुढे काय.

त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, तुझं माणूस उठलं तर तू त्याच्यात. तुझ्याबरोबर ती चार. कुणी नाही उठलं तर तू बाहेर, डांबरावर, गाड्यांखाली. डोळे पुसून म्हणाल्या, पोर येणार आहे ना तुझी सोहळ्याला, तीन तारखेला. पुढचा पहिला रविवार तोच.

जॉनेल उठेल. रस्त्यावरची मांजरं घरी आणणारी पोर आहे. मीच तशी वाढवली.

इतके दिवस काही वाटत नव्हतं. आता तिच्यासाठी भीती वाटते. तेवढी एक जागा शाबूत आहे.

१७ ऑक्टोबर

बोटं गेली. करंगळी, मग तिच्याजवळचं. पेन्सिल अंगठ्यात धरून पत्र लिहिलं — येऊ नकोस, काम आहे, मजेत आहे. सही करताना हात थांबला. नावाच्या जागी फुली. पुन्हा लिहिली, पुन्हा फुली. डायसीला अक्षर येत नाही. हा हात आता तिचा होतोय.

तसंच टाकलं.

२६ ऑक्टोबर

उत्तर आलं. आई हे अक्षर तुझं वाटत नाही, शुक्रवारच्या बसने निघते, नाही म्हणू नकोस.

पत्राने तिला आणखी ओढलं.

मिस अर्मालींना लिहिलं, तुम्ही सांगा तिला. त्या म्हणाल्या, आईला नाकार असं मी लेकीला कुठल्या तोंडाने सांगू. डीकनही तेच.

ती चार हलकी नाहीत. तिने कुणाला उचलायचं, कसं चालायचं. वीस वर्षांची आहे.

२ नोव्हेंबर

आली. निळा झगा, केस वाढलेत. माझे पाय चोळते. म्हणते पक्षाघात आहे आई, सोमवारी इस्पितळात नेते — शहाणी आहे —

तिला फुल्या काढून दाखवल्या. हसली, म्हणाली पापे का गं इतके — पत्राखाली पाप्याची फुली काढतो तसे — रडली मग.

तिच्यासमोर अक्षर येत नाही. एकटी असले की थोडं. डावा हात. हळू.

३ नोव्हेंबर

घंटा झाली. ती झगा इस्त्री करतेय. मला चाकांच्या खुर्चीवरून नेणार —

ही माझी रोजनिशी तिच्या पिशवीत टाकेन. चर्चमध्ये उघडेल. उघडू दे देवा.

जॉनेल — माझं नाव वाचतील — उठू नकोस. कितीही शांत झालं तरी. मी तुझ्याकडे बघेन — तरी. कुणाला एकटं सोडू नये शिकवलं ते — विसर. मी डांबरावर बरी आहे. मला काही वाटत नाही आता — तुला वाटतं —

बसून राहा. हजर म्हणू न × 

× ×