गोळ्याची पेटी

६ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आले. ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धा, गोळाफेक, गट सत्तर ते चौऱ्याहत्तर. यादीत तीन नावे. पहिले कुलूपचे. म्हणजे हा माणूस अजून आहे. बरे झाले. गेलेल्याला हरवता येत नाही.

कुलूप माझा वर्गमित्र. (‘मित्र’ सवयीने लिहिले गेले.) शाळेत क्रीडाखोलीची किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून कुलूप. शेवटच्या वर्षी त्याने मला चार बोटांनी हरवले. फीत ढिली धरली होती. हे मी छप्पन्न वर्षे सांगतो आहे, खोडून काढायला कोणी पुढे आलेले नाही.

नियम मात्र मोठा काव्यमय. शाळेत आम्ही चार किलोचा गोळा फेकायचो. माणूस मोठा झाला की गोळा जड होतो, मग उतरत उतरत सत्तरीला पुन्हा चारवर येतो. नियमांनीच मला वर्गात परत बसवले म्हणायचे. आणि तोच, शाळेचाच गोळा माझ्याकडे आहे. निरोप समारंभाच्या दिवशी तो माझ्या पिशवीतून घरी आला. चोरी नव्हे. काही वस्तू आपला माणूस ओळखतात. (अलंकार: चेतनगुणोक्ती.)

विमानाने जायचे आहे. संकल्प: मी हरवलो तरी चालेल, गोळा हरवता कामा नये.

८ फेब्रुवारी, बुधवार
तिकीटवाला म्हणाला, लोखंडी गोळा मांडीवर घेऊन बसू देणार नाहीत, सामानात टाकावा लागेल. ‘टाकावा’ म्हणाला. नुसत्या क्रियापदावरून माणसाची जात कळते. वर अक्कल शिकवली की गोळे आयोजक देतातच, घरून कशाला न्यायचा. मी विचारले, लग्नाला गेलास तेव्हा नवरी आयोजकांनी दिली होती का? बायको शेजारीच बसली होती.

संध्याकाळी सुताराकडे. लाकडी पेटी, आत जाड फोम, मधोमध गोल खळगा. सुतार म्हणाला, “काका, लोखंड फुटत नाही.” त्याला शत्रूंच्या यादीत घेतले. क्रमांक चार.

१२ फेब्रुवारी, रविवार
नेहमीप्रमाणे गोळ्याला पॉलिश पेपर मारला, मग तेल. छप्पन्न वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही. गंज म्हणजे आळशी माणसाचे लोखंड. फडक्यावर राखाडी पूड पडते, ती झटकताना बायको दर रविवारी कुरकुरते, की मला एवढं चोळलं असतंत तर माझी कंबर तरी बरी झाली असती. फक्त पायरीवर पडून बसलेली खोक तेवढी जात नाही. ती कुलूपच्या हातून पडली होती. त्याचे उपकार असे असतात.

नंतर मैदानावर सराव. सतरा पावले! शाळेत चौदा होती. वय वाढते तसे अंतर वाढणारा मी एकटाच असेन. बायको म्हणाली, अंतर नाही वाढलं, पावलं आखडलीत. मत्सर घरातूनच सुरू होतो.

दोन ओळी सुचल्या:

तुझे रूप गोरे, तुझा भार गोड,
जगी या न कोणी तुला एक जोड.

भुजंगप्रयात. वृत्त निर्दोष. कवितेच्या तासाला बाईंनी उभे करून म्हणायला लावले असते.

१५ फेब्रुवारी, बुधवार
जावई आला. शत्रू क्रमांक एक, पण मुलीमुळे चहा द्यावा लागतो. त्याने बटणाएवढा ट्रॅकर आणला. पेटीत ठेवायचा, मग फोनवर हिरवा ठिपका सांगतो वस्तू कुठे आहे. त्याला नावही देता येते. मी ‘गोळा’ दिले. वस्तू उपयोगी आहे, आणणारा नाही.

सूचना थांबेनात. दोन्ही सामानांचे फोटो काढा. नावाची चिठ्ठी आतही टाका, बाहेरही लावा. बूट, औषधं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. जाताना म्हणाला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा गोळ्याचं वजन तरी करून बघा. गोळ्यावर ‘४’ कोरलेले आहे. ज्या काट्यावर ही रवा मोजते त्याने माझ्या गोळ्याची साक्ष काढायची?

फोटो काढले. गोळ्याचे अकरा. खोकेच्या बाजूने तीन.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
पेटी सहा किलो, गोळा चार. माझ्या वाट्याचे वजन तिथेच संपत आले. माझे बूट, अर्धी विजार, गुडघ्याचा पट्टा हिच्या बॅगेत कोंबले. हातातल्या पिशवीत फोम उरला होता तो घेतला, पेटीत आणखी लागला तर. घरात चांगली नावाची चिठ्ठी एकच, तीही हिच्या बॅगेवर. काढून पेटीला लावली. हिने विचारले, आणि माझ्या बॅगेचं काय? मी म्हटले, तुझी बॅग कोण चोरणार? हे धीर देण्यासाठी म्हटले होते.

१८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९
विमान एकचे. सातलाच येऊन बसलो. शिस्त.

सकाळी १०:४०
काउंटरवरच्या मुलीकडून ‘नाजूक’ची पाच लेबले मागितली. आत काय आहे म्हणून विचारले. लोखंड, म्हटले. एकच दिले. तिला शाळेत कविता नीट शिकवलेली नाही, चेहऱ्यावरूनच दिसते.

मग तपासणीतून बोलावणे. पेटी उघडायला लावली. पहारेकऱ्याने विचारले, याचं काय करायचं असतं? मी खरे ते सांगितले: “फेकायचं.” आणखी दोघे आले. अर्धा तास गेला. एकाने बोटाने खोक चाचपली. मी त्याचा हात बाजूला केला, तेव्हा चौथा आला. इकडे हिची बॅग कोणी कशी पट्ट्यावर सोडली ते मी पाहिले नाही. सगळीकडे मीच पाहायचे का?

संध्याकाळी ५
उतरलो. पट्ट्यावर सर्वांत आधी माझी पेटी. हिरवा ठिपका आणि पेटी एकदमच समोर आली. डोळे भरून आले. हिला म्हटले, बघ, याला म्हणतात नियोजन.

संध्याकाळी ६:३०
हिची बॅग आलेली नाही.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरच्या माणसाने रंग विचारला. निळसर, मी म्हणालो. करडी, ही म्हणाली. नावाची चिठ्ठी? नाही. फोटो? मी फोन पुढे केला. त्याने अकराही फोटो शांतपणे पाहिले. पाहता पाहता हिच्याकडे एकदा बघितले. ही म्हणाली, “पंचेचाळीस वर्षांत माझे एवढे काढले नाहीत.” त्या माणसाला हसू आले. दोघांनाही यादीत घेतले.

१९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७
हिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही बॅगेतच होत्या. लॉजसमोरच्या दुकानातून मिळाल्या. आणायला तीच गेली. मी आज पाय सांभाळतो आहे. येताना स्वतःला चपला घेऊन आली, माझ्यासाठी काही नाही. मी पॅन्टवरच फेकणार. मोठे खेळाडू कपड्यांवर अवलंबून नसतात.

दुपारी १२
लिहावे की नाही.

फेकीआधी गोळे तपासतात. टेबलावर वजनकाटा, मागे गळ्यात शिट्टी अडकवलेला पंच. माझी पेटी उघडली तेव्हा लोक जमले. पंचाने गोळा काट्यावर ठेवला. उचलला, पुन्हा ठेवला. मग मला आकडा दाखवला.

तीन किलो नऊशे एकवीस.

मी म्हणालो, काटा चुकतो आहे. त्याने कुलूपचा गोळा ठेवला. चार किलो सहा ग्रॅम. आयोजकांचा ठेवला. चार किलो तीन ग्रॅम. मी कोरलेला ‘४’ दाखवला. पंच म्हणाला, “काका, याला घासता का तुम्ही?”

ही मागे उभी होती. फडके झटकावे तसे हात तेवढे झटकले.

तेवढ्यात कुलूप पुढे आला. केस सगळे गेलेले, उंची तीच. त्याने गोळा फिरवला आणि अंगठा थेट खोकेवर ठेवला. मग म्हणाला, “हा तुझ्याकडे होता होय.”

मी म्हणालो, कुलूप, त्याचं असं झालं की.

तो म्हणाला, “त्या नावानं आता कुणी हाक मारत नाही. हा हरवला म्हणून सरांनी किल्ली काढून घेतली. निकालाच्या दिवशीही माझ्याशी धड बोलले नाहीत. मी खोलीतल्या सगळ्या फळ्या उचकटून बघितल्या होत्या रे.”

ओरडला असता तर उत्तर देता आले असते. उत्तर तयार होते, ढिल्या फितीचे. त्याने आपला गोळा माझ्या हातात दिला. “हा घे. चारचा आहे.”

जड होता.

दुपारी ४
कुलूप: सात मीटर बारा. दुसरा कोणी: सहा चाळीस. मी: चार मीटर अठ्ठ्याऐंशी. फीत ताठ होती. मी स्वतः वाकून पाहिली.

कांस्यपदक मिळाले. स्पर्धक तीन.

२० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८
कुलूप लॉजवर निरोप द्यायला आला. हा त्याचा जुना दुर्गुण. मी शाळेचा गोळा त्याच्यापुढे धरला आणि मोठ्या मनाने भेट दिला. (भेट हा शब्द योग्य आहे का ते नंतर पाहीन.) त्याने विचारले, आता कुणाला परत करू? सर केव्हाच गेले. तरी घेतला. हनुवटीखाली मानेला लावून पाहिला, आम्हाला शिकवले होते तसा. मग रुमालात गुंडाळला. एवढ्याशा रुमालात मावला. मी सुतार लावला होता.

हिने मला चहा सांगितला. कालपासूनची पहिली दया.

सकाळी ११
विमानतळ. हिच्या बॅगेचा पत्ता नाही. शोध चालू आहे, म्हणाले. हिने कालच्या चपला पेटीतल्या गोल खळग्यात कोंबल्या. बसत नव्हत्या, बसवल्या.

काउंटरवरच्या मुलीने विचारले, आत नाजूक काही? नाही, म्हटले. शत्रूंची यादी काढली. लिहायला कोणी नव्हते.

फोन वाजला. हिरवा ठिपका.

‘गोळा तुमच्याजवळ आहे.’