खडखड कुठली?

१४ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा जेवते आहे. आईला सांगा, म्हणजे तिचा पुढचा प्रश्न वाचेल. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

बाबा, जिंकले! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आज सगळ्यांसमोर माझं म्हणणं कबूल केलं. कौतुकाच्या बाबतीत त्या तुमच्याच पठडीतल्या, म्हणून विशेष.

काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर चढवून आम्ही सौरपट्टी करतो, हे मागे लिहिलंच होतं. त्यावर उजेडाचा एक ठोका मारला की आत वीज मोकळी होते. ती मोजताना पडद्यावरची रेघ दोन वर्षं थरथरत होती. बाई म्हणायच्या, "टेबल हलतंय. गाळून टाक ती थरथर." मीही मुकाट गाळत बसले. फिटरची पोर असून!

मग तुम्ही आठवलात. यंत्र खडखडलं की तुम्ही आधी पान्याला हात लावत नसायचात. एकेका भागावर वजन ठेवून कान द्यायचात. "जिथं वजन ठेवल्यावर आवाज बदलतो, तिथंच खडखड." म्हटलं, करून बघू. टेबलावर शिशाच्या विटा रचल्या. ढिम्म फरक नाही! मग वजन थेट स्फटिकातच ठेवलं: ब्रोमिनच्या अणूंऐवजी जड आयोडीनचे घातले. आणि काय सांगू, थरथर संथ झाली! टेबल बिचारं जागच्या जागी होतं. उजेड पडताच अणूच डोलायला लागत होते, आणि त्यांच्या तालावर वीज कमी-जास्त मोकळी होत होती. दोन वर्षं मी जे कचरा म्हणून फेकलं, तेच उत्तर होतं.

"ही युक्ती कुणाची?" बाईंनी विचारलं. "आमच्या घरच्या फिटरची." शोधनिबंधाच्या आभारात तुमचं नाव पहिलं आहे.

आता मघापासून टाळतेय ते लिहिते. ताईकडे पाहुण्यांसमोर मी तुमच्या हातातला कप काढून घेतला. "राहू द्या, सांडाल," म्हटलं. तेव्हापासून तुमची पत्रं आईच्या अक्षरात येतात. तुमच्या हाताचा कंप वेगळा आणि अणूंचं डोलणं वेगळं, उगाच गोड बोलत नाही. पण त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती, बाबा. चुकले मी.

आईचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण मला ते नको. दोनच ओळी, पण तुमच्या हातानं लिहा. हलल्या तर हलू देत. हललेल्या रेघा वाचण्यातच तर डॉक्टरेट घेतेय मी.

तुमच्या हाताखालची,
अजून शिकाऊच,
फिटरची पोर