पायांवरची अंघोळ

४ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, झटका आला की वहीत लिहा. तारीख, वेळ, आधी काय करत होता. म्हणून लेकीने, मनालीने, ही वही आणली, वर मांजराचं चित्र आहे. चौथी शिकलेय, अक्षर बरं आहे माझं. झटक्याला नुसतं झ. लिहायचं ठरवलंय, नाहीतर वही पुरायची नाही.
झ. सकाळी ७, डावा पाय. चहा गाळत होते. चहा वाचला, गाळणं गेलं.
झ. दुपारी, मोठा. पडले. आधी छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडलं, मग हातपाय माझे राहिलेच नाहीत. ऐकू सगळं येतं, डोळे तेवढे उघडत नाहीत. शेजारची सावंतीण धावत आली नि नाकाला चप्पल लावली. मासळीबाजारात घालते तीच. अगो बाई, वास आला की मला! पण बोलता येईना.
मनाली आजपासून माहेरी. पहिलं बाळंतपण. पोट खाली उतरलंय. आता कधीही.

७ जानेवारी
डोक्याला वायरी लावल्या, बोगद्यात घातलं, रक्त नेलं. सगळं नॉर्मल. हे म्हणाले, "बघ, तुला काही झालेलं नाही." मग पाय कोण उडवतं, तुमची आई?
डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडे वळल्या. "काका, झटके खरे आहेत. आजी मुद्दाम करत नाहीत. कारण अजून सापडलेलं नाही, एवढंच."
दोन वर्षांत एवढं कुणी बोललं नव्हतं. त्या बाईची ओटी भरावीशी वाटली. बसमधून उतरताना ह्यांनी हात धरला, लालबागच्या भर नाक्यावर. लग्नानंतर पहिल्यांदा असेल.
बहिणीचा गावाहून फोन. "गो बाय माझे, देवाक गाऱ्हाणा घाल. आणि गोळी पण घे. दोघांकय कामाक लाव."

११ जानेवारी
मुलगी!! पहाटे. दोन किलो नऊशे. केस कपाळापर्यंत. मनाली सुखरूप. मी आजी झाले, आजी झाले, आजी झाले.
आज झ. आला असेल तर मला माहीत नाही.

१६ जानेवारी
बाळी घरी आली. आज पहिली अंघोळ. घातली मंदाने. परळहून येते, मनालीने आधीच ठरवली होती. मला विचारलं नाही. सांगितलं फक्त. "आई, तुला दगदग नको."
तीस वर्षं ह्या चाळीतली पोरं मी न्हाऊ घातली. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोर नडगीवर पालथं. तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. खालच्या मजल्यावरचा तो पोलीस, त्याचं नाक मी तेलाच्या बोटांनी ओढून ओढून सरळ केलंय. आता मला बघून सॅल्यूट मारतो.
हात अजून बरे आहेत. दगा देतात ते पाय.
उंबऱ्यावर बसून बघितलं. मंदा चांगली आहे. हेच तर दुखतं. वाईट असती तर दुसऱ्या दिवशी हाकलली असती.
झ. ११ वाजता, उंबऱ्यावरच.

२३ जानेवारी
बारसं. नाव ठेवलं कियांशी. अर्थ विचारला तर जावई म्हणाले, फोनवर बघून सांगतो. मी बाळीच म्हणते.
चाळीतल्या सगळ्या आल्या. वरच्या माळ्यावरची सुनीता, तिला मी न्हाऊ घातलंय आणि तिच्या दोन्ही पोरांनाही. म्हणाली, "मज्जा आहे बाळीची, आजीच्या पायांवर अंघोळ!" मनाली पटकन म्हणाली, "नाही, बाई येते." सगळ्या एकदम पेढ्याची चौकशी करायला लागल्या.
झ. पेढ्याचं ताट हातात असताना. पाच पेढे कॉटखाली गेले. ह्यांनी पुसून खाल्ले.

२७ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. हसल्या. "आजी, यात झटके शोधावे लागतात." मग म्हणाल्या, झटका येत नाही तेव्हा काय करता, तेही लिहा.
घरी येईस्तोवर तोच विचार. पीठ मळताना येत नाही. तांदूळ निवडताना नाही. गुणगुणत असले तर नाही. येईल येईल म्हणून वाट बघितली की हमखास येतो, नको असलेल्या पाहुण्यासारखा.
मग न्हाऊ घालताना? ते तर माझ्या हातापायांना झोपेतसुद्धा येतं.

२८ जानेवारी
दुपारी मनाली आणि बाळी झोपल्या. हे खाली पेपर वाचायला. तीन किलो तांदूळ पिशवीत भरले, वरून जुन्या लुगड्याचं दुपटं गुंडाळलं. मोरीत पाटावर बसले, पाय लांब केले, गाठोडं नडगीवर ठेवलं. रिकाम्या तांब्याने न्हाऊ घातलं. मान, पाठ, काखा, मग उताणं करून पोट. कपाळावर आडवा हात, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून.
पाय हलला नाही.
हसू आलं, रडूही. तांदळाला म्हटलं, दृष्ट लावून घेऊ नको.

५ फेब्रुवारी
नऊ दिवस. मोरीत एकही झ. नाही. बाहेर येतात, रोज एकदोन, येऊ देत.
बाळीला कॉटवर बसून मांडीवर घेते, बाजूला कुणीतरी असतंच पहारा दिल्यासारखं. ती माझ्याकडे बघते तेव्हा कपाळाला आठ्या. थेट ह्यांच्यासारख्या. मनालीचं सासर ठाकूरद्वारला, १९ तारखेला दोघी जाणार. बसने कितीसं ते अंतर! पण एकटीने बसमध्ये चढायला मला बंदी.
एकदाच. मंदाला काढू नका. एकदाच ह्या पायांवर ते ऊन ऊन अंग पाहिजे. उद्या मनालीला विचारते.

६ फेब्रुवारी
विचारायच्या आधीच पकडले गेले. मोरीच्या दारात उभी. "आई, काय करतेस? तांदळाला अंघोळ?" पोट धरून हसली. मीही हसले. मग सगळं सांगितलं. नऊ दिवस, एकदाही नाही, आज दहावा.
हसायची थांबली. म्हणाली, "दाखव."
ती बघतेय. दारात उभी राहून माझ्या पायांकडेच बघतेय. पाखरू फडफडलं. मी मनात म्हटलं नको, आत्ता नको...
झ. डावा. गाठोडं उडून मोरीच्या जाळीपर्यंत गेलं.
मनालीने उचललं. पुसलं. धूळ बसल्यासारखं झटकलं. फळीवर ठेवून दिलं. हळू आवाजात म्हणाली, "आई, तांदूळ होते म्हणून."
खरं आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तरी रात्रीचं जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
झ. किती ते मोजले नाहीत. मंदा आली की मी गॅलरीत जाते. पाण्याचा आवाज तिथेही येतो. बाळी आधी रडते, पाठीवर पाणी पडलं की गप्प. सगळी तशीच. मनालीही तशीच होती.

१७ फेब्रुवारी
मंदाचा फोन, ताप आलाय, येत नाही. मी म्हटलं, नुसतं पुसून घे बाळीला.
मनालीने गॅस लावला. पाणी तापवलं. मोरीत गेली, पाटावर बसली, गाऊन वर खोचला, पाय लांब केले. "आई, बाळीला बाबांकडून घे नि ये. पाय माझे, हात तुझे."
हे म्हणाले, "आता रडत बसू नको, पाणी निवेल."
कोपराने पाणी बघितलं. बाळीला तिच्या नडगीवर पालथं घातलं, मी बाजूला बसले. मनालीचे पाय भीतीने ताठ. म्हटलं, सैल सोड, तिला खाट नको, झोळी पाहिजे. सोडले. मग माझे हात चालायला लागले, मला विचारलंच नाही त्यांनी. तेल, पीठ, मानेची घडी, काखेची घडी, मांडीच्या तीन वळ्या. बाळी रडली, पाणी पडलं, गप्प.
"मला पण इथेच?" मनाली.
"हीच मोरी. हाच पाट."
माझा डावा पाय साडीखाली दोनदा उडाला. कुणाचं काही बिघडलं नाही. लिहिते, कारण खरं लिहायचं ठरलंय.

१९ फेब्रुवारी
गेल्या. टॅक्सी नाक्यावर वळेपर्यंत उभी होते. टॅक्सीत बसताना मनाली म्हणाली, "आई, बाळी मान धरायला लागली ना की बघू, तुझ्या पायांवर." बघू म्हणाली. नाही म्हणाली नाही.
घरात तेलाचा वास. मोरी कोरडी.
झ. संध्याकाळी, मोठा. चप्पल नव्हती, सावंतीण शिकली. नुसती उशाशी बसून राहिली.

७ मार्च
हे डबा बघून म्हणाले, तांदूळ संपलेत, फळीवरचं ते गाठोडं सोड की. म्हटलं, हात लावायचा नाही, दुकानातून आणा. बडबडत गेले.
दुपारी मनालीचा फोन. लस दिली, वजन केलं. बाळी साडेचार किलो!
फोन ठेवला. गाठोडं खाली काढलं, गाठ सोडली, नव्या तांदळातले दीड किलो आत घातले, परत बांधलं. मोरीत पाट मांडला.
जड झालीय.